देवी काढल्याच्या वह्या : मुळशी पेट्यांतील एक दुर्लक्षित दप्तर

पौड खोरें, मुठें खोरें, मोसें खोरें, कोरबारसें मावळ या भागांत जुन्या कागदांच्या शोधार्थ हिंडणारा मनुष्य प्रथम देशमुखाच्या वाड्याची वाट धरतो. तेथें वतनाचे महजर, इनामाच्या सनदा, फार झालें तर एखादी शकावली मिळेल अशी त्याची आशा असते, व ती रास्त आहे. रुमाल सोडतां सोडतां इंग्रजी अमलांतील आंखीव रकान्यांची एखादी लांबट वही हातीं लागली, तर ती तो न चाळतांच बाजूस सारतो. जन्ममरणाचें बुक, गुरांची गणती, देवी काढलेल्या मुलांची यादी, ही सर्व त्याच्या लेखीं रद्दी. आमचेंही मत पुष्कळ दिवस असेंच होतें. परंतु २०२३ सालीं न्यायमूर्ति शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध गांवोगांव सुरू झाला, आणि ज्या गांव नमुना चौदास कोणी विचारीत नव्हतें, त्या 'कोतवाल बुका'च्या एकेका पानासाठीं तहसिलींत लोकांच्या रांगा लागल्या. पन्नास-शंभर वर्षांपूर्वींच्या एका ओळीवर आज घराण्याचें भवितव्य ठरूं लागलें असतां, त्या ओळी कोणीं, केव्हां व कशाच्या आधारें लिहिल्या हें पाहणें हें इतिहास-संशोधकाचेंच काम आहे. जन्ममरणाच्या बुकाविषयीं इतर लोक लिहितील. त्याचें जोडबुक जें देवी काढल्याचें रजिस्टर, तें कसें वाचावें एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. मराठींत 'देवी' हा शब्द रोगाचाही आहे आणि रोगाच्या उपायाचाही आहे. 'मुलास देवी आल्या' म्हणजे रोग झाला. 'मुलाच्या देवी काढल्या' म्हणजे लस टोंचली. बोलण्यांत घोटाळा होत नाहीं, कारण क्रियापद सर्व सांगून जातें. परंतु अरुंद रकान्यांत लिहिणारा मनुष्य पहिल्यानें क्रियापदच गाळतो; नुसतें 'देवी' असें लिहितो, अगर 'देवी झाल्या' असें लिहून मोकळा होतो. मरणाच्या यादींत हा शब्द मृत्यूचें कारण असतो, तर देवी डॉक्टराच्या यादींत तोच शब्द रक्षणाची खूण असतो. शिवण उसवून दोन्ही वह्यांचीं पानें एका रुमालांत मिसळलीं म्हणजे काय होईल हें वाचकांस सांगावयास नको. आणखी असें कीं, गाईच्या देवीची लस येण्यापूर्वीं माणसाच्याच फोडांतील द्रव्य टोंचण्याची चाल देशांत कित्येक प्रांतीं होती. १८८० च्या कायद्यानें, तो जेथें लागू झाला तेथें, तिला बंदी केली. तेव्हां जुन्या कागदांत नुसतें 'टोंचलें' असें आलें तर कोणतें टोंचणें हें साल व ठिकाण पाहूनच ठरविलें पाहिजे.

हिंदुस्थानांत ही लस प्रथम यशस्वी झाली ती मुंबईस, १४ जून १८०२ म्हणजे शके १७२४ या सालीं. बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें लस आली व अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागू पडली. त्याच वर्षीं पुण्याबाहेर पेशवे-होळकरांची लढाई होऊन राज्याचा पाया डळमळला. तिचे कागद आमच्या मंडळींनीं शेंकड्यांनीं छापले आहेत. या लहान मुलीचें नांव मात्र आपल्या शकावल्यांत सहसा सांपडत नाहीं. तिचें नांव राहिलें तें ती थोरामोठ्यांची म्हणून नव्हे. तिच्या दंडावरील फोडांतून लस पुढच्या मुलांस गेली, म्हणून तें टिपून ठेवावें लागलें. नोंद ठेवण्याचें कारण त्या कामाच्या पोटांतच होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

कारण त्या काळीं लस शिशींत टिकत नसे. मुलाच्या दंडावरून मुलाच्या दंडावर अशीच ती चालवावी लागे. आज टोंचलें, कीं सुमारें आठव्या दिवशीं फोड भरतो. त्या दिवशीं देवी डॉक्टरानें परत त्याच घरीं जावयाचें, फोड पाहावयाचा, आणि त्यांतील लस घेऊन दुसऱ्या मुलांस टोंचावयाचें. १८२७ पासून मुंबई इलाख्यांत जी पद्धति पडली तींत टोंचणारे लोक ठराविक टापूंत गांवोगांव फिरत व वरचा अंमलदार मागून तपासणी करी; परंतु खरी तपासणी या आठव्या दिवसाच्या फेरींत होत असे. परत न गेल्यास पुढच्या गांवास लसच मिळावयाची नाहीं. म्हणून त्या काळच्या वहींत दोन तारखा असल्या व त्यांत आठ दिवसांचें अंतर असलें, तर ती ओळ बहुतेक खरी समजावी. अंतर सर्व पानभर अगदीं सारखें, एकही दिवस मागेंपुढें नाहीं, असें दिसलें तर मात्र संशय घ्यावा. मावळांतील ओढे आणि पावसाळा कोणाच्या वेळापत्रकाप्रमाणें चालत नाहींत.

आठव्या दिवशीं आई मूल घेऊन रानांत निघून जाई, हेंही या कामाच्या इतिहासांत ठिकठिकाणीं आढळतें. तिची हरकत देवी काढण्यास नसे. आपल्या मुलाच्या दंडांतून दुसऱ्यासाठीं लस काढूं देण्यास असे. जातीचा विचारही आड येई. कोणाच्या मुलाची लस कोणाच्या अंगांत जाणार, यावर गांवांत वाद होत. याचा वहीवर परिणाम असा कीं, निकालाचा रकाना कोरा असला म्हणजे टोंचणें फुकट गेलें असा अर्थ होत नाहीं. मूल दिसलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. कोऱ्या रकान्यास 'अयशस्वी' समजून केलेल्या बेरजा आम्हीं पाहिल्या आहेत. त्या चुकीच्या आहेत.

पुढें वासराच्या अंगावर लस तयार करण्याची रीति निघाली. मुंबईस या कामाचा आरंभ १८६९ च्या सुमारास झाला व त्यांत डॉ. अनंत चंद्रोबा यांचा हात होता. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून पहिली तुकडी बाहेर पडली तींतले हे गृहस्थ. भाऊ दाजी त्याच तुकडींतले, आणि भाऊ दाजींचें नांव ताम्रपट-शिलालेखांच्या अभ्यासकांस सांगण्याची गरज नाहीं. एका वर्गांतले दोघे. एकाचे लेख आपण अजून उघडतों, दुसऱ्याचें काम आपल्या आजे-पणज्यांच्या दंडांवर होतें. असो. वासराच्या लसीनें जातीचा तंटा व एका मुलाचा रोग दुसऱ्यास जाण्याची भीति हीं दोन्ही कमी झालीं, आणि हा लाभ मोठा होता. परंतु आमच्या मतें नोंदींच्या दृष्टीनें एक तोटाही झाला. लस आतां बाहेरून येऊं लागल्यावर आठव्या दिवशीं परत जाण्याची निकड उरली नाहीं. पूर्वीं जें गरजेनें होई तें पुढें हुकुमानें करावें लागलें. आणि हुकुमानें होणारें काम घाटाखालच्या शेवटच्या वाडीपर्यंत पोंचतांना किती पातळ होतें हें पेशवाईंतील कमाविसदाराचे हिशेब वाचणारास ठाऊक आहे.

कायद्यानें मात्र निकालासच महत्त्व दिलें होतें. १८८० चा कायदा म्युनिसिपालिट्या व छावण्या यांपुरता होता. मुंबई शहरास १८७७ चा निराळा होता. आणि इलाख्यांतील जिल्ह्यांकरितां १८९२ चा झाला, तोही सरकार ज्या भागास लावील त्या भागासच. म्हणून मुळशीसारख्या डोंगरी मुलखांतील वहींत नांव नाहीं एवढ्यावरून आईबापांनीं कायदा मोडला असें कोणी लिहूं नये. १८८० च्या कायद्यांत तीन तऱ्हेचे दाखले ठरविले होते : मूल सध्यां टोंचण्याच्या स्थितींत नाहीं, मुलास लस लागूच पडत नाहीं, आणि देवी यशस्वी निघाल्या. 'टोंचलें' असा चौथा दाखला नव्हता. नुसतें टोंचणें हा पुरावाच नव्हे, हें कायदा करणारांस पक्कें ठाऊक होतें. वरच्या कचेरींत जाणारे आंकडे मात्र टोंचण्याच्या क्रियेचेच गेले. १८८५ सालीं छापलेलें पुणें जिल्ह्याचें गॅझेटिअर उघडावें. तेथें देवी काढण्याच्या कोष्टकांत पुरुष-स्त्रिया, हिंदु-मुसलमान-इतर, एक वर्षाच्या आंतील व वरील, असे रकाने आहेत. मुळशी तेव्हां हवेलीच्या पोटांतला पेटा होता. कोष्टक नीटनेटकें आहे, पण त्यांत माणूस नाहीं, क्रिया आहे; एकाच मुलास दोनदां टोंचलें तर तें दोनदां मोजलें जाण्याची वाट खुली आहे. कोष्टकावरून वहीकडे जातां येत नाहीं. वहीवरून कोष्टक तपासतां येतें. वह्या जपण्याचें हें पहिलें कारण.

आतां मुळशी पेट्याच्या कांहीं विशेष अडचणी. येथील बाई पहिल्या बाळंतपणास माहेरीं जाते. मूल जन्मलें माहेरच्या गांवच्या बुकांत, देवी काढल्या सासरच्या गांवच्या बुकांत. आणि माहेर सह्याद्रीखालीं कोंकणांत असलें तर जिल्हाच निराळा. दोन गांवांच्या वह्या जुळविल्याशिवाय हें मूल एकीकडे जन्मून नाहींसें झालेलें व दुसरीकडे आकाशांतून पडलेलें दिसतें. दुसरें, जन्माच्या ओळींत मुलाचें नांव बहुधा नसतें; बारसें व्हावयाचें असतें, म्हणून 'अमक्यास मुलगा' एवढेंच लिहिलेलें. देवी काढतांना मूल सहा महिन्यांचें अगर मोठें असतें व त्यास नांव असतें. कित्येक कुणबी व धनगर कुळांत मुलाचें नांव कागदावर पहिल्यानें येतें तें देवी डॉक्टराच्या हातचें, ही गोष्ट वंशावळ लावणारांनीं विसरूं नये. पण त्याबरोबरच हेंही ध्यानांत घ्यावें कीं, पहिला धोंडू दोन महिन्यांत वारला असतां पुढच्या मुलासही धोंडूच म्हणण्याची रीत होती; आडनांव तर ओळींत असतेंच असें नाहीं. बापाचें नांव एक, मुलाचें नांव एक, गांव एक, आणि मुलें दोन. वयाच्या रकान्यावांचून हीं दोन मुलें वेगळीं होत नाहींत, व नेमका तोच रकाना अंदाजानें भरलेला असतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांचीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. टाटा कंपनीच्या धरणाखालीं पन्नासाच्या आसपास गांवांची जमीन व घरें गेलीं हेंही ठाऊक आहे. जमिनीच्या मोबदल्याचे कागद झाले. पण जीं तान्हीं मुलें त्या दोन-चार वर्षांत एका गांवीं जन्मलीं व दुसऱ्या गांवीं वाढलीं, त्यांची ओळ कोणत्या वहींत शोधावी? कोणी डोंगरावर वर सरकलें, कोणी दुसऱ्या तालुक्यांत गेलें. गांवाचें नांव तेंच ठेवून नवी वस्ती झाली असेल तर वहीवर नांव जुनें व माणसें निराळीं असाही प्रकार संभवतो. या गांवांच्या वह्या एकत्र जमविणें हें आमच्या मतें सत्याग्रहाच्या इतिहासाचें एक अपुरें राहिलेलें प्रकरण आहे. लढा कोणीं दिला हें आपण लिहिलें. उठून कोण कोठें गेलें हें लिहावयाचें आहे, आणि त्यास मुलांच्या याद्यांइतकें चांगलें साधन दुसरें नाहीं.

नोंद पक्की असली म्हणजे तिचें बळ किती असतें याचें उदाहरण बडोद्याच्या राज्यांत मिळतें. उंधेरा या गांवीं १८९८ च्या फेब्रुवारींत हाफकिन साहेबांनीं ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, लस टोंचली. घरोघरची यादी करून प्रत्येक कुटुंबांतील कांहींस टोंचलें, कांहींस नाहीं, आणि दोघांचीही नोंद ठेवली. पुढें रोग शिरला तो अठ्ठावीस कुटुंबांत. त्यांतील टोंचलेलीं माणसें ७१. आजारी पडलीं ८, मेलीं ३. न टोंचलेलीं ६४. आजारी पडलीं २७, मेलीं २६. एवढ्या लहान गांवचा आंकडा पुढें ग्रंथांतून फिरला, कारण न टोंचलेल्यांची यादी हाताशीं होती. देवीच्या वहींत हीच उणीव असते. जें मूल राहिलें तें तेथें नाहीं. तें जन्माच्या बुकांत आहे. म्हणून आम्ही संग्राहकांस आग्रहानें सांगतों कीं, या दोन वह्या एका घरीं मिळाल्या तर त्या कधींही वेगळ्या करूं नयेत. एकीची किंमत दुसरीवांचून अर्धीही राहत नाहीं.

दुसरें उदाहरण शिशीच्या क्रमांकाचें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मुलकोवाल येथें १०७ माणसांस प्लेगची लस टोंचली. त्यांपैकीं १९ धनुर्वातानें मेलीं. लस मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंतून गेलेली, म्हणून ठपका हाफकिन यांवर आला. हीं सर्व १९ माणसें एकाच शिशींतून टोंचलेलीं होतीं, आणि त्या शिशीचा क्रमांक ५३-एन टिपलेला होता. बाकीच्या शिश्यांतून टोंचलेलीं माणसें वांचलीं. दोष मुंबईंत कीं शिशी उघडतांना, हा प्रश्न विचारतां आला तो या टिपणामुळें. शिशी उघडतांना खालीं पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करतां वापरल्याचें पुढें आलें. तरी रोनाल्ड रॉस प्रभृतींनीं कळकळीनें लिहीपर्यंत, म्हणजे १९०७ पर्यंत, त्या गृहस्थांस न्याय मिळाला नाहीं. १९२५ सालीं परळच्या त्याच संस्थेस त्यांचें नांव दिलें गेलें. जुन्या देवीच्या वहींत लसीचा उगम लिहिलेला आढळला, मग तो 'अमक्याच्या मुलाची' असा असो कीं वासराच्या नळीचा असो, तर ती ओळ सोन्याची समजावी.

वही आणि दंड यांचा शेवटचा सामना स्वातंत्र्यानंतर झाला. १९६२ पासून देवी-निर्मूलनाची देशव्यापी मोहीम निघाली. थोड्याच वर्षांत कोट्यवधि टोंचण्या कागदावर चढल्या, तरी रोग हटेना. शाळेंतील जीं मुलें हाताशीं सांपडत तींच पुनः पुनः टोंचलीं जात व दर वेळीं मोजलीं जात. वाडीवरचें तान्हें मूल तसेंच राही. तेव्हां तपासणारांनीं वह्या मिटल्या व घरोघर जाऊन दंड उघडून वण पाहिले. वण खोटा लिहितां येत नाहीं. रोगी शोधून त्याच्या भोंवतीं टोंचण्याची रीति पुढें आली, १९७५ च्या मे महिन्यांत देशांतील शेवटचा रोगी नोंदला गेला, व १९८० सालीं जगांतून हा रोग गेल्याचें जाहीर झालें. आमच्या दंडावर अजून दोन वाटोळे वण आहेत. ते कोणत्या वहींत चढले हें आम्हांस सांगतां येणार नाहीं, पण आमच्यापुरती ती वहीच होय. आमच्या नातवंडांच्या दंडावर क्षयाच्या लसीचा एकच बारीक वण आहे, आणि बाकीच्या लसी वण ठेवीत नाहींत. त्यांच्याविषयीं साक्ष देणारें कागदावांचून कांहीं उरलें नाहीं.

आणि कागदाची जागा आतां संगणकानें घेतली आहे. मुळशी तालुक्याचें एक टोंक ताम्हिणीच्या घाटांत आहे व दुसरें हिंजवडींत. म्हणजे जेथें वह्या कुजतात आणि जेथें जगाच्या नोंदींचे संगणकी आराखडे तयार होतात, त्या दोन जागा एकाच तहसिलींत आहेत. १६ जानेवारी २०२१ पासून कोविडच्या लसीची नोंद 'को-विन'वर होऊं लागली. दुसरी मात्रा न घेतां घेतल्याचा संदेश आला, पहिली मात्रा एका दूरध्वनीवर व दुसरी दुसऱ्यावर चढल्यामुळें एका माणसाचीं दोन माणसें झालीं, अशा तक्रारी त्या वर्षांत वर्तमानपत्रांतून वारंवार आल्या. धोंडूच्याच गोष्टीची ही उलट बाजू. पुढें २०२३ पासून बालकांच्या लसींकरितां 'यू-विन' कांहीं जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झालें. माहेरीं घेतलेली लस सासरीं दिसावी हा त्याचा एक हेतु आहे. जें काम आम्ही दोन गांवांच्या वह्या मांडीवर घेऊन करतों तेंच हें. खाजगी वैद्याच्या संगणकांत मात्र जुनेच खड्डे आहेत. लस शनिवारीं टोंचली व नोंद सोमवारीं केली तर यंत्र आपण होऊन सोमवारची तारीख घालतें. तारीख मुद्दाम बदलावी लागते, आणि रांगेंत दहा मुलें रडत असतां ती बदलली जात नाहीं. दुसरीकडे टोंचलेली लस 'येथें टोंचली' म्हणून चढते. आईबापांनीं नकार दिला तर तो रकाना कोराच राहतो, आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ काय हा प्रश्न पुनः उभा राहतो. शिशीचा क्रमांक तर पुष्कळ ठिकाणीं मागाहून खोक्यावरून पाहून भरतात. तोंवर खोकें बदललेलें असतें. वहींत एक सोय होती कीं, घाईनें लिहिलेलें अक्षर घाईनें लिहिलेलें दिसे. यंत्रांत सर्व अक्षर सारखेंच सुवाच्य.

असल्या वह्या हातीं येतील त्यांस थोडें व्यावहारिक सांगतों. वहीची शिवण उसवूं नये. पानांचा क्रम हाच तारखांचा पुरावा असतो. मध्यें खोंचलेल्या चिठ्ठ्या, दाखल्यांचे अर्धे तुकडे, ज्या पानांत असतील त्याच पानांत राहूं द्यावे. छायाचित्र घेतांना पानाची पाठही घ्यावी, कारण तपासणीस आलेल्या अंमलदाराची सही, तारीख व केव्हां केव्हां शेरा पाठीवर असतो. नक्कल करतांना 'देवी' या शब्दापुढें मूळांत क्रियापद नसेल तर आपण तें घालूं नये. रकाना कोरा असेल तर 'कोरा' असें लिहावें. गांवाचें नांव मूळांत जसें असेल तसेंच ठेवून, तें गांव आज पाण्याखालीं असल्यास तसें समासांत नोंदवावें. पौडापासून वरच्या अंगास जुन्या पाटील-कुळकर्णी घराण्यांच्या माळ्यावर अशा वह्या अजून असण्याचा संभव आहे. या पावसाळ्यानंतर आम्ही तिकडे जाणार आहों.